सात नंबर

आमच्या अभ्यासक्रमात इतिहास गुहेतून निघतो,
रानरेड्याच्या पाठीवर बसून थेट जर्मनीला जातो,
तिथे शिशाचे खिळे जुळवतो, पोस्टरं छापतो,
आणि अठ्ठेचाळिसाव्या स्लाइडला
पंख्याच्या घरघरीत झोपतो.
आमचं कुमासी त्यात एकदाच येतं, 'इतर' या मथळ्याखाली:
भोपळ्याच्या कवटीवर कोरलेले ठसे,
अर्धा मिनिट.

म्हणून मी न्हाव्यांच्या पाट्या निवडल्या.

सुआमेपासून ताफोपर्यंत, चार महिने,
टेप, वही, उसना कॅमेरा,
हारमाटानची धूळ दातांत.
प्रत्येक पाटी प्लायवुडची. बारा डोकी, तीन ओळी,
धडावेगळी, निळ्या रंगात टांगलेली,
आणि तरी सगळी मजेत.
गिऱ्हाईक येतं, बोलत नाही,
बोट ठेवतं: हे.
न्हावी मान हलवतो.
मी वहीत लिहिलं, अक्षराविना पूर्ण झालेला संवाद.
मॅडमनी खाली लिहिलं: छान. पण मोजलंस का?

मोजलं.
एकसष्ट पाट्या, कपाळांची उंची, कानांचे कोन,
रंगाचे थर नखाने खरवडून.
आणि मोजता मोजता सात नंबरला अडखळले.

एकतीस पाट्यांवर सातवं डोकं एकच.
बाकीची अकरा फॅशनसोबत बदलत गेली,
उंच केस सपाट झाले, सपाटीत विजा कोरल्या गेल्या,
कुणी फुटबॉलवाला आला, हरला, पुसला गेला.
सातवा तसाच.
डाव्या भुवईत एक फट,
ओठ असे, की आता शीळ घालेल.
मी लिहिलं: 'प्रमाणीकरण.
छापखान्याशिवाय छापल्यासारखी पुनरावृत्ती.'
त्या वाक्यावर इतकी खूश झाले
की रात्री भातावर दोन अंडी घेतली.

न्यामेच्ये सापडला लाकूडवखारीच्या मागे.
फ्लेक्सने त्याच्या पोटावर पाय आणलाय,
आता ट्रकांच्या मागे देवाची नावं रंगवतो.
वाचता येत नाही, म्हणाला,
मी अक्षरांची चित्रं काढतो,
म्हणून कधी एखादा 'ओ' जास्त पडतो, देव चालवून घेतो.

मी एकतीस फोटो बाकावर पत्त्यांसारखे मांडले.
त्याने एकही उचलला नाही.
हात पुसत राहिला. टर्पेंटाइनचा वास.
"मंगळवारी जन्मला म्हणून क्वाबेना.
माझ्या पाठचा.
आगादेझपर्यंतचा निरोप आला. पुढे वाळू."
घरात त्याचा फोटो नव्हता.
"मी पैसे अकरा डोक्यांचेच घेतो," म्हणाला,
"सातवं माझं."

सातवंच का, हे मी विचारलं,
विचारायला नको होतं, पण फॉर्ममध्ये रकाना होता.
"मधली ओळ, तिसरी जागा.
दारातून आत शिरताना डोळा तिथेच जातो.
आलाच कुठून, तर बघेल."

मग बराच वेळ ब्रश धूत बसला.
"भुवईत फट नव्हती त्याच्या.
दुसऱ्या पाटीवर हात घसरला,
आणि तिसरी मी दुसरीवरून काढली.
आता तो खरा कसा होता,
ते मलाही पाटीच सांगते."

परतताना केजेतियाच्या गर्दीत
पाठमोरे चार सात नंबर मोजले.
एकाने वळून पाहिलं, भुवई वस्तऱ्याने मुद्दाम फाडलेली.
विशीतलं पोर, हातात गरम केंके,
मी का टक लावलीय ते त्याला कळेना.

घरी येऊन 'प्रमाणीकरण' खोडलं.
त्या जागी शब्द सुचला नाही, जागा तशीच आहे.
तक्त्यात एक रकाना आहे, 'ग्राहक',
म्हणजे संदेश ज्याच्यासाठी तो.
तिथे मी लिहिलं, पोचला की नाही माहीत नाही,
आणि मॅडम त्यावर बोट ठेवणार, हेही माहीत आहे.

पहिली पाटी, फटीच्या आधीची,
न्तोन्सोच्या वाटेवर कुणाच्या तरी
कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर झालीय म्हणे,
रंगाची बाजू आत.
न्यामेच्येला ती बघायची आहे. नाही, म्हणाला, नको.
मग म्हणाला, तू आधी बघून ये.

उद्या सकाळी निघतेय.
बासष्टावी.
टॉर्च घ्यायला हवा, वाकावं लागेल.